सही आपली, उत्तरे एजंटची

विम्याच्या करारात पहिला शब्द आपण बोलायचा असतो, हे बहुतेक पॉलिसीधारकांच्या गावीही नसते. कायद्याच्या हिशेबाने कंपनी आपल्याला काही विकायला येत नाही. आपण तिच्यापुढे प्रस्ताव ठेवतो, तिने तो स्वीकारला की करार होतो. प्रत्यक्षात मार्च महिना असतो, करबचतीची घाई असते आणि एजंट ओळखीतला, बहुधा नात्यातलाच असतो. तो पेन काढतो, जन्मतारीख विचारतो, पॅन आणि आधारची झेरॉक्स मागतो. तब्येतीच्या प्रश्नांचे पान आले की मात्र काहीही न विचारता ओळीने लिहीत सुटतो. मधुमेह? नाही. रक्तदाब? नाही. गेल्या पाच वर्षांत आठवडाभराहून जास्त उपचार? नाही. मग, ‘काका, इथे सही, इथे सही आणि मागच्या पानावर एक.’ हल्ली हेच टॅबवर होते आणि सहीच्या जागी ओटीपी येतो, एवढाच फरक.

त्या ‘नाही’च्या रांगेखाली एक छापील मजकूर असतो: वरील सर्व उत्तरे मी वाचली आहेत, मला ती समजावून सांगितली आहेत, ती खरी आहेत आणि त्यांवरच हा करार उभा आहे. काकांनी सही केलेली असते ती याच्याखाली. पुढे कधी क्लेम आला की कंपनीच्या फाइलमधून पहिल्यांदा बाहेर येतो तो हाच कागद. घरच्यांनी तो तोवर पाहिलेलाही नसतो. त्यांच्या कपाटात असतो तो प्लॅस्टिकच्या पाकिटातला पॉलिसी बाँड.

प्रस्तुत पुस्तक याच कागदापासून सुरू होते, आणि माझ्या मते ते अगदी योग्य आहे. मराठीत विम्यावर लिहिलेले बरेच आहे, पण त्यातले बहुतेक ‘कोणती पॉलिसी घ्यावी’ या प्रश्नाभोवती फिरते. पॉलिसी घेतल्यावर आपण नेमके कोण झालो, आपल्याला काय मागता येते आणि आपल्याकडून काय मागितले जाऊ शकते, याची सलग मांडणी फारशी कोणी केलेली नाही. पॉलिसीधारकाच्या हक्कांचा इतिहास म्हणजे एकाच भांडणाचा इतिहास आहे असे मला वाटते. जे सांगितले गेले नाही त्याची किंमत कोणी मोजायची, हे ते भांडण.

भांडण जुने आहे. सुमात्रा बेटावर ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट मार्लबरो नावाचा किल्ला होता. शत्रूने तो घेतला तर नुकसानभरपाई मिळावी म्हणून तिथले गव्हर्नर कार्टर यांनी लंडनमध्ये विमा उतरवला. 1760 मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. किल्ला कमकुवत होता हे कार्टर यांनी सांगितलेच नव्हते, असे म्हणून विमा देणाऱ्याने पैसे नाकारले. 1766 मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी निकाल देताना म्हटले की, जोखमीच्या खास गोष्टी विमा उतरवणाऱ्यालाच ठाऊक असतात, दुसरा त्याच्या शब्दावर विसंबून असतो, म्हणून इथे परम सद्भाव हवा. विम्याच्या कायद्याचे हे आद्य सूत्र. गंमत अशी की त्या खटल्यात कार्टर जिंकले. विमा देणाऱ्यालाही डोळे-कान होते, जे त्याला माहीत असायला हवे होते ते सांगण्याची गरज नव्हती, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पुढच्या अडीचशे वर्षांत निकालाचा पहिला अर्धा भाग कंपन्यांच्या वकिलांना तोंडपाठ झाला आणि दुसरा बराचसा विस्मरणात गेला.

आपल्याकडे आयुर्विमा आला तो गोऱ्यांसाठी. 1818 मध्ये कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ सुरू झाली. पुढे हिंदी माणसाला विमा मिळू लागला तरी त्याच्याकडून जादा हप्ता घेतला जाई. 1870 मध्ये मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने हिंदी माणसाचा विमा सर्वसाधारण दराने उतरवला. पॉलिसीधारकाच्या हक्कांचा आपल्या देशातला पहिला टप्पा मी इथे धरतो. स्वदेशीच्या वातावरणात मग अनेक कंपन्या निघाल्या. साताऱ्यासारख्या गावात अण्णासाहेब चिरमुले यांनी 1913 मध्ये वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी उभी केली, हे आज तिथल्याही अनेकांना सांगावे लागते. त्या काळात बुडणाऱ्या कंपन्याही कमी नव्हत्या. 1938 चा विमा कायदा आला आणि त्यात कलम 45 आले. या पुस्तकात सर्वांत जास्त वेळा भेटणारे कलम तेच.

1956 च्या जानेवारीत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. 154 भारतीय कंपन्या, 16 परदेशी आणि 75 प्रॉव्हिडंट सोसायट्या एका छत्राखाली आल्या आणि त्या वर्षीच्या 1 सप्टेंबरला एलआयसी सुरू झाली. तोवर चिंतामणराव संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर मंत्रिमंडळातून बाहेरही पडले होते. सर्वसाधारण विम्याची पाळी 1973 मध्ये आली. 107 कंपन्यांमधून चार उरल्या. 1956 नंतरची चाळीसेक वर्षे पॉलिसीधारक एका अर्थाने निर्धास्त होता, कारण पैसे बुडणार नाहीत याची हमी सरकारची होती. पण हमी मिळाली म्हणून हक्क मिळाला असे होत नाही. एलआयसीची एक स्वस्त मुदत पॉलिसी फक्त नोकरदारांना मिळे. शेतकरी, कारागीर, किरकोळ व्यापारी यांना ती बंद होती. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या प्रकरणात ही अट घटनाबाह्य ठरवली. विमा मागणारा हा आधी नागरिक आहे, असे त्या निकालाने बजावले.

मल्होत्रा समितीचा 1994 चा अहवाल, विमा नियामक नेमणारा 1999 चा आयआरडीए कायदा, खासगी कंपन्यांचे आगमन, हा भाग बहुतेकांना ठाऊक आहे, आणि पुस्तकातही तो आटोपशीर आहे. मला थांबायचे आहे ते विमा कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीवर.

कलम 45 मध्ये पूर्वी असे होते की पॉलिसीला दोन वर्षे झाल्यावर केवळ चुकीच्या उत्तरावरून कंपनीला ती नाकारता येणार नाही. मात्र ती चूक महत्त्वाच्या बाबतीतली होती, पॉलिसीधारकाने ती लबाडीने केली आणि करताना ती खोटी आहे हे त्याला माहीत होते, एवढे सिद्ध केले तर नाकारता येई. सर्वोच्च न्यायालयाने मिठूलाल नायक प्रकरणात 1962 मध्ये या तीन अटी नीट मांडल्या. 2015 मध्ये हे कलम नव्याने लिहिले गेले. आता मुदत तीन वर्षांची आहे, पण तीन वर्षे उलटली की कोणत्याही कारणावरून, अगदी लबाडीच्या कारणावरूनही, आयुर्विम्याची पॉलिसी उकरून काढता येत नाही. तीन वर्षे मोजायची ती पॉलिसी दिल्यापासून, जोखीम सुरू झाल्यापासून किंवा बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्यापासून, यांतली सर्वांत नंतरची तारीख धरून. म्हणजे हप्ते थकवून पॉलिसी लॅप्स होऊ दिली आणि नंतर पुन्हा चालू केली की घड्याळ शून्यावर येते. आमच्याकडे ‘बंद पडली तर पडू दे, नंतर भरून टाकू’ असे सर्रास म्हणतात. त्यांनी एवढी ओळ दोनदा वाचावी.

याच कलमाच्या पोटात दोन वाक्ये आहेत, ज्यांकडे वकिलांचेही लक्ष उशिरा जाते. एक पॉलिसीधारकाच्या बाजूचे आहे: जो माणूस विमा घ्यायला प्रवृत्त करतो आणि बोलणी करतो, तो करार होण्यापुरता कंपनीचा एजंट मानला जाईल. काकांच्या फॉर्मवर ‘नाही’ लिहिणारा हात कुणाचा, या प्रश्नाला आता कायद्यात निदान एक धागा आहे. पूर्वी ‘फॉर्म भरून देताना तो तुमचाच लेखनिक होता’ असे सांगून कंपनी मोकळी होई. दुसरे वाक्य मात्र अंगावर येते. पॉलिसीधारक हयात नसेल तर लबाडी झाली नव्हती हे दाखवण्याची जबाबदारी लाभार्थ्यांवर. नवऱ्याने सात-आठ वर्षांपूर्वी कोणत्या डॉक्टरकडून कसल्या गोळ्या घेतल्या आणि एजंटला त्याने तोंडी काय सांगितले, हे विधवा कशी दाखवणार? पहिल्या तीन वर्षांत मृत्यू झाला तर हा प्रश्न काल्पनिक राहत नाही. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणारी ही तरतूद आहे, असे माझे मत आहे. लेखकांनी तिच्यावर सौम्य टीका केली आहे. ती जरा अधिक तिखट चालली असती.

इंग्लंडने तेवढ्या काळात वेगळी वाट धरली. 2012 च्या तिथल्या कायद्याने सामान्य ग्राहकावरचे ‘आपणहून सर्व सांगा’ हे ओझेच उतरवले. कंपनीने विचारावे, ग्राहकाने वाजवी काळजी घेऊन उत्तर द्यावे, विचारलेच नाही तर दोष कंपनीचा. आपण मुदत घातली, त्यांनी कर्तव्यच बदलले. या विषयातले दोन विचारप्रवाह इथे समोरासमोर दिसतात. पहिला विम्याला दोन पक्षांमधला खासगी करार मानतो आणि शब्दाला शब्द लावतो. दुसरा म्हणतो की एका बाजूने छापलेल्या आणि दुसऱ्याने न वाचता सही केलेल्या कागदाला करार म्हणणेच धाडसाचे आहे, तेव्हा नियामकाने आणि ग्राहक न्यायालयांनी मध्ये उभे राहावे. 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीच्या चळवळीने आणि 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्याकडे या दुसऱ्या विचाराला पाय दिले. संदिग्ध शब्दाचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा, हा नियम तर न्यायालये पूर्वीपासून वापरत आली आहेत.

आता भूमिकांविषयी. पुस्तकाचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण विम्यातली निम्मी भांडणे आपण कोणत्या खुर्चीवर बसलो आहोत हे न कळल्यामुळे होतात. प्रस्ताव देणारा एक, ज्याच्या जिवावर विमा आहे तो दुसरा, हप्ता भरणारा तिसरा आणि पैसे घेणारा चौथा, असे असू शकते. बापाने मुलाच्या नावे पॉलिसी काढली तर मूल अल्पवयीन असेपर्यंत पॉलिसीधारक बापच. गृहकर्जापोटी पॉलिसी बँकेच्या नावे असाइन केली तर क्लेमवर पहिला हात बँकेचा. नॉमिनी म्हणून बायकोचे नाव कागदावर तसेच असले तरी तिच्या वाट्याला येते ते कर्ज फिटून उरलेले.

नॉमिनीचे प्रकरण तर घराघरातले. 1983 मध्ये सरबती देवी विरुद्ध उषा देवी या सासू-सुनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा हात, मालकी वारसांची. तीस वर्षे हाच कायदा होता. 2015 च्या दुरुस्तीने कलम 39 मध्ये भर घातली: आयुर्विम्यात आई-वडील, पती किंवा पत्नी, मुले यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर तो स्वतःच लाभाचा हक्कदार. भाऊ, पुतण्या किंवा मित्र नॉमिनी असेल तर जुनाच नियम. लग्नाआधी भावाचे नाव घातलेले आणि लग्नानंतर बदलायचे राहून गेलेले, अशी किती कागदपत्रे आपल्या घरांत असतील! आणि घेणेकऱ्यांच्या तगाद्यापासून बायको-मुलांचे पैसे वाचवायचे असतील तर 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पॉलिसी घेता येते. ती बायको-मुलांसाठीचा विश्वस्त निधी ठरते, घेणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. दीडशे वर्षे जुनी ही सोय दुकानदार, कंत्राटदारांच्या फार कामाची आहे, पण प्रपोजलच्या वेळीच ती मागावी लागते आणि एजंट आपणहून सांगेलच असे नाही.

दुकानदारांवरून आठवले. आगीच्या विम्यात आपल्याला न कळत आणखी एक भूमिका चिकटते. दुकानात 40 लाखांचा माल आहे आणि हप्ता कमी पडावा म्हणून विमा 20 लाखांचा घेतला. आग लागून 10 लाखांचा माल जळाला. दुकानदाराला वाटते, 20 लाखांच्या आतच आहे, पूर्ण मिळतील. पण पॉलिसीतल्या सरासरीच्या अटीप्रमाणे मिळतात 5 लाख, कारण उरलेल्या निम्म्या मालाचा विमा त्याने स्वतःपाशीच घेतला असे धरले जाते. नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरला शिव्या देऊन इथे उपयोग नसतो. एरवी मात्र सर्व्हेअरचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये प्रदीप कुमार प्रकरणात स्पष्ट केलेले आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत विषयाला एक नवे वळण लागले आहे, आणि त्यामुळेच हे पुस्तक आत्ता यायला हवे होते. आज कोट्यवधी लोकांकडे विमा आहे, पण ते पॉलिसीधारक नाहीत. वर्षाला 436 रुपये कापून दोन लाखांचा आयुर्विमा देणारी पंतप्रधान जीवन ज्योती योजना घ्या. तिथे मुख्य पॉलिसी बँकेच्या नावे असते, खातेदार हा केवळ सदस्य. हप्ता मे महिन्यात खात्यातून आपोआप जातो; खात्यात तेवढी शिल्लक नसेल तर संरक्षण गेले, आणि ते घरच्यांना कळते मृत्यूनंतर. नोकरीतल्या ग्रुप मेडिक्लेमचेही तसेच. पॉलिसीधारक कंपनी, आपण तिच्या यादीतली एक ओळ. राजीनामा दिला की ती ओळ पुसली जाते. विम्याचे कल्याणकारी रूप म्हणून मी या योजनांचा विरोधक नाही. पण करार माझ्याशी झालेलाच नसेल तर माझे हक्क कुठून येतात, हा प्रश्न जुन्या दोन्ही विचारांना पुरेसा सुटलेला नाही.

पीक विम्यात हा पेच सर्वांत टोकाला जातो. 2016 पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत शेतकरी खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्के आणि रब्बीला दीड टक्का भरतो, उरलेला हप्ता सरकारे भरतात. महाराष्ट्रात 2023 पासून शेतकऱ्याचा वाटा एक रुपयावर आणला गेला आणि 2025 च्या खरिपापासून ती सवलत गेली. एक रुपयात करार झाला की करारातला आपला आवाजही तेवढाच उरतो, असा अनुभव अनेकांनी घेतला. मुळात भरपाई ठरते ती आपल्या वावरावरून नव्हे, तर महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांच्या सरासरीवरून. माझे सोयाबीन पाण्याखाली गेले आणि मंडळाची सरासरी बरी आली तर हातात काही पडत नाही. गारपिटीसारख्या स्थानिक नुकसानीची भरपाई, 72 तासांत कळवण्याच्या अटीवर, योजनेत आली ती या अन्यायावर उतारा म्हणून. पण वीज नाही, रेंज नाही, अॅप उघडत नाही अशा तीन दिवसांत कोणी आणि कसे कळवायचे? पुस्तकातले मराठवाड्यावरचे प्रकरण या बाबतीत फार बारकाईने लिहिले आहे.

आरोग्य विम्यात नियामकाने अलीकडे बरेच काही दिले आहे. 2024 च्या नियमांनुसार कॅशलेसला तासाभरात उत्तर आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीला तीन तास ही मर्यादा आहे. आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा तीन वर्षांहून जास्त ठेवता येत नाही. सलग 60 महिने पॉलिसी चालू असेल तर सिद्ध झालेल्या लबाडीशिवाय माहिती लपवल्याचे कारण चालत नाही. न पटलेली पॉलिसी परत करण्याची मुदत 30 दिवस झाली. पॉलिसीसोबत दोन-चार पानी सारांशपत्रक देणे बंधनकारक झाले. हे सगळे कागदावर उत्तम आहे. बिलिंग काउंटरपाशी टीपीएच्या, म्हणजे क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेच्या, मेलची वाट पाहत उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र आपल्याकडे मोजायला तीन तास आहेत हे माहीत असेल तरच त्याचा उपयोग.

आता या पुस्तकाने काय साधायचे ठरवले आहे, ते सांगतो. लेखकांनी विम्याचे प्रकार घेऊन प्रकरणे पाडलेली नाहीत. कागदाच्या आयुष्याचा क्रम धरला आहे: प्रपोजल, स्वीकृती, हप्ते, बदल, क्लेम, नकार, तक्रार. प्रत्येक टप्प्यावर समोर कोण आहे आणि त्या क्षणी आपण कोणत्या नात्याने बोलतो आहोत, हे ते विचारतात. कर्तव्यांनाही त्यांनी हक्कांइतकीच जागा दिली आहे, हे मला आवडले. हप्ता पोहोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही हे कलम 64 व्हीबी असो, किंवा कमिशनमधून एजंटने दिलेली सूट घेणाराही कलम 41 खाली दोषी ठरतो ही बाब असो, वाचकाला गोंजारण्याचा प्रयत्न कुठे नाही. कोणती पॉलिसी चांगली, परतावा किती, हे प्रश्न त्यांनी मुद्दाम बाहेर ठेवले आहेत; ते शोधायला कोणी आला तर त्याची निराशा होईल.

एका मुद्द्यावर माझा त्यांच्याशी मतभेद आहे आणि तो त्यांच्याच परवानगीने इथे नोंदवतो. तक्रारीच्या भागात ते विमा लोकपालाकडे जाण्याचा सल्ला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी देतात. कंपनीने नाकारले किंवा महिनाभर उत्तर दिले नाही तर वर्षाच्या आत अर्ज, फी नाही, वकील नाही, 50 लाखांपर्यंतचे अधिकार, निवाडा कंपनीवर बंधनकारक आणि आपल्यावर नाही. मुंबई आणि पुणे येथे कार्यालये आहेत. साध्या प्रकरणांत याहून चांगली वाट नाही, हे मान्य. पण जिथे सगळा वाद फॉर्म कोणी भरला आणि कोणी काय विचारले यावर आहे, जिथे एजंटला उभे करून प्रश्न विचारायला हवेत, तिथे लोकपालापुढची थोडक्यातली सुनावणी अपुरी पडते, असे मला वाटते. अशा वेळी दोन वर्षांच्या मुदतीत थेट जिल्हा ग्राहक आयोगात जावे. तिथे वेळ जास्त लागतो, तारखा पडतात, पण पुरावा नोंदवला जातो. लेखकांचे उत्तर असे की विधवेला चार वर्षे थांबायला सांगणारा सल्ला तिच्या सोयीचा नसून वकिलाच्या सोयीचा असतो. आम्ही यावर बराच वेळ बोललो आणि दोघांनीही आपापली जागा सोडली नाही. वाचकाने शेवटून दुसरे प्रकरण वाचून स्वतःचे ठरवावे. त्याआधी कंपनीला एक मेल टाकून आपल्या प्रपोजल फॉर्मची प्रत मागवून घ्यावी. ती मिळणे हा आपला हक्क आहे, आणि या पुस्तकातले नमुने त्या प्रतीशेजारी ठेवूनच वाचायचे आहेत.